भावना दुखावल्या, म्हणजे गुन्हा झाला?

"तुमच्या अमेरिकेत म्हणे कुणीही उठून काहीही बोललं तरी पोलीस काही करत नाहीत?" हा प्रश्न मला भारतातून दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. विचारणारे बहुधा वयाने मोठे असतात, आणि प्रश्नाच्या पोटात "आणि याला तुम्ही सुधारलेला देश म्हणता!" हे न बोललेलं वाक्य असतं. फोनवर याचं नीट उत्तर देता येत नाही. तेवढ्यात कुकरची शिट्टी होते, दारावर कुणीतरी येतं आणि विषय राहून जातो. म्हणून आज जरा ऐसपैस लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट पाहायला नको. शब्दांनी माणूस दुखावतो हे शंभर टक्के खरं आहे. पण 'दुखावणं' हाच गुन्हा धरला, तर कायद्याची काठी दुखावलेल्या माणसाच्या हातात न जाता, जो सगळ्यात मोठ्यांदा ओरडू शकतो त्याच्या हातात जाते.

आता, अमेरिकेच्या बाजूने बोलायचं तर सगळ्यात घाणेरड्या उदाहरणापासून सुरुवात करायला हवी. सोपी उदाहरणं घेऊन वाद जिंकण्यात काय मजा?

मॅथ्यू स्नायडर नावाचा मरीन मार्च २००६ मध्ये इराकमध्ये मरण पावला. मेरीलँडमधल्या वेस्टमिन्स्टर गावात त्याचा अंत्यविधी होता. कॅन्ससमधल्या टोपेका गावी वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च नावाचं एक चर्च आहे. चर्च म्हणायचं इतकंच. मुळात एका कुटुंबाचा गोतावळा. त्यांचं म्हणणं असं, की अमेरिका समलिंगी लोकांना थारा देते म्हणून देव चिडलाय आणि सैनिक मरतायत ही त्याचीच शिक्षा. तर ही मंडळी, एकूण सात जण, विमानाने मेरीलँडला गेली आणि अंत्ययात्रेच्या वेळी 'सैनिक मेले, देवाचे आभार' अशा अर्थाचे फलक घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मॅथ्यू समलिंगी होता असंही नाही. त्याचा काहीच संबंध नव्हता. फक्त तिथे कॅमेरे येणार होते.

बापाची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा. अल्बर्ट स्नायडर कोर्टात गेले. ज्युरीने त्यांना एक कोटी नऊ लाख डॉलर भरपाई दिली, न्यायाधीशांनी ती पन्नास लाखांवर आणली, आणि वरच्या कोर्टाने सगळंच रद्द केलं. वर आणखी, फेल्प्स कुटुंबाचा सोळा हजार डॉलरच्या वर कोर्टखर्च या बापानेच भरावा असा हुकूम झाला. २ मार्च २०११ रोजी सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला, आठ विरुद्ध एक. चर्च जिंकलं. निकालाचा सारांश असा: ही माणसं सार्वजनिक जागेत, पोलिसांनी सांगितलेल्या ठिकाणी, चर्चपासून सुमारे हजार फुटांवर उभी होती. विधी चालू असताना त्यांनी अडथळा आणला नाही. बोलत होती ते, कितीही किळसवाणं असलं तरी, देश, सैन्य, धर्म अशा सार्वजनिक विषयांवरचं होतं. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात शब्दांनी यातना होतात हे सरळ मान्य केलं आहे. यातना झाल्या हे मान्य, तरीही बोलणाऱ्याला शिक्षा करून त्यावर उपाय करायचा नाही, असा या देशाचा निर्णय आहे असं ते म्हणतात. विरोधात गेले एकटे न्यायमूर्ती अलिटो. त्यांचं म्हणणं, चर्चेचं स्वातंत्र्य म्हणजे एका शोकाकुल खाजगी माणसावर शाब्दिक हल्ला करायचा परवाना नव्हे.

खरं सांगू का, हे दोन्ही वाचताना काळजाने मी अलिटोंच्या बाजूला असतो. तुमच्यापैकीही पुष्कळजण असाल. तरी मी निकालाच्या बाजूचा आहे, आणि त्याचं एक कारण त्या चर्चचं पुढे काय झालं यात आहे.

सरकारने तोंड बंद केलं नाही म्हणून लोक गप्प बसले नाहीत. २००५ पासून 'पेट्रियट गार्ड रायडर्स' नावाचे मोटरसायकलवाले, घरच्यांनी बोलावलं तर अंत्यविधीला जातात आणि मोठमोठे झेंडे घेऊन कुटुंब आणि निदर्शक यांच्या मध्ये भिंतीसारखे उभे राहतात. बऱ्याच राज्यांनी कायदे केले, आणि २०१२ साली काँग्रेसनेही केला, की सैनिकी अंत्यविधीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास ठराविक अंतरात निदर्शनं नाहीत. म्हणजे काय बोलायचं त्यावर बंदी नाही, कुठे आणि केव्हा त्यावर आहे. आणि त्या चर्चचा संस्थापक फ्रेड फेल्प्स, त्याची नात मेगन फेल्प्स-रोपर, लहानपणापासून हे फलक हातात धरून वाढलेली मुलगी, २०१२ साली चर्च सोडून बाहेर पडली. का? तर ट्विटरवर ज्यांना ती शिव्या घालत होती त्यातल्या काही लोकांनी, विशेषतः एका ज्यू माणसाने, शांतपणे तिला प्रश्न विचारले. बायबलमधले विसंवाद दाखवले. गप्पा मारल्या. खटल्यांनी जे कधी झालं नसतं ते गप्पांनी झालं. (हा फ्रेड फेल्प्स एके काळी कॅन्ससमध्ये काळ्या लोकांचे नागरी हक्कांचे खटले लढवणारा वकील होता, हे वाचलं तेव्हा मी पान उलटून पुन्हा तपासलं होतं. माणूस म्हणजे काय चीज आहे बघा.)

हे झालं मेरीलँड आणि कॅन्सस. पण या विषयावरचं अमेरिकेतलं खरं कुरुक्षेत्र आहे आमच्या शिकागोच्या कुशीत. गावाचं नाव स्कोकी.

शिकागोतल्या मराठी माणसाला स्कोकी माहीत असतं ते ओल्ड ऑर्चर्ड मॉलमुळे, किंवा देवॉन अव्हेन्यूवर डाळ-तांदूळ, कढीपत्ता घ्यायला गेलं की तिथून जवळ म्हणून. शांत, झाडांचं उपनगर. १९७७ साली तिथल्या सुमारे सत्तर हजार वस्तीपैकी निम्म्याहून जास्त लोक ज्यू होते, आणि त्यात हिटलरच्या छळछावण्यांतून जिवंत परतलेले काही हजार. हातावर गोंदलेला नंबर घेऊन दुकानात भाजी निवडणारी म्हातारी माणसं. अशा गावात नाझी गणवेश घालून, दंडावर नाझी स्वस्तिक लावून मोर्चा काढायची परवानगी फ्रँक कॉलिन नावाच्या माणसाने मागितली. त्याची टोळी अगदी चिमुकली, वीस-पंचवीस जणांची. गावाने आधी साडेतीन लाख डॉलरचा विमा काढा म्हणून सांगितलं. मग कोर्टातून मनाई आणली. मग नवे स्थानिक कायदे केले: लष्करी धाटणीचा गणवेश चालणार नाही, द्वेष पसरवणारं साहित्य वाटायचं नाही.

नाझींचं वकीलपत्र घेतलं एसीएलयूने, म्हणजे नागरी स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या जुन्या संघटनेने. कोर्टात उभा राहिलेला वकील डेव्हिड गोल्डबर्गर, स्वतः ज्यू. संघटनेचा कार्यकारी संचालक आर्ये नायर, जन्म बर्लिनचा, लहानपणी आईवडिलांबरोबर नाझींपासून पळून आलेला आणि घराण्यातले कितीतरी नातेवाईक गमावलेला. यांना आपल्याच लोकांकडून काय काय ऐकावं लागलं असेल! हजारो सभासद संघटना सोडून गेले. नायर यांनी नंतर यावर एक पुस्तकच लिहिलं. त्यांचा मुद्दा भावनेचा नव्हता, हिशेबाचा होता: अल्पसंख्य माणसाला सत्तेपासून वाचवणारी जी काही थोडी हत्यारं आहेत त्यातलं हे एक आहे, ते आज शत्रूविरुद्ध मोडून टाकलं तर उद्या आपल्याकडे नसेल.

हा मुद्दा पटायला शिकागोचाच नकाशा बघावा लागतो. कॉलिनच्या टोळीचा अड्डा होता शहराच्या दक्षिणेकडचं मार्केट पार्क. याच मार्केट पार्कमध्ये ऑगस्ट १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग काळ्या लोकांना घरं मिळावीत म्हणून मोर्चा घेऊन गेले होते आणि गोऱ्या जमावाने भिरकावलेला दगड त्यांच्या डोक्याला लागला होता. आता त्या जमावाला विचारा, तुमच्या भावना दुखावल्या का? हो, दुखावल्या होत्या! मनापासून दुखावल्या होत्या. आपल्या गल्लीत ही माणसं आली याचं त्यांना खरोखर दुःख होतं. १९६१ साली साउथ कॅरोलिनात १८७ काळे विद्यार्थी विधानभवनाच्या आवारात शांतपणे फलक घेऊन फिरले, तर 'शांतताभंग' म्हणून त्यांना अटक झाली होती. शांतता कुणाची भंगली? बघणाऱ्यांची. १९६३ साली सुप्रीम कोर्टाने त्या शिक्षा रद्द केल्या. भल्यामोठ्या रकमेचा विमा मागणं, परवानगी लटकवणं, 'लोक चिडतील' म्हणून बोलणाऱ्यालाच उचलणं, या सगळ्या युक्त्या दक्षिणेतल्या गावांनी नागरी हक्कांच्या मोर्च्यांवर वापरून झिजवलेल्या होत्या. स्कोकीने केल्या त्या चांगल्या हेतूने, एवढाच फरक. पण कायद्याला हेतू वारसाने मिळत नाही. पुढचा गावप्रमुख तो कसाही वापरू शकतो.

कोर्टांनी एकामागून एक निकाल नाझींच्या बाजूने दिले, १९७८ च्या मध्यापर्यंत वाट मोकळी झाली. आणि मग गंमत बघा: मोर्चा स्कोकीत निघालाच नाही. कॉलिनला मार्केट पार्कची परवानगी मिळाली, तो तिकडे गेला. त्याआधी जून महिन्यात शहराच्या मध्यभागी वीसेक जण जमले, समोर हजारोंचा जमाव हुर्यो करत होता, आणि काही मिनिटांत गाशा गुंडाळून गेले. स्कोकीतल्या ज्या म्हाताऱ्यांनी तीस वर्षं आपल्या पोरांनाही छावणीची गोष्ट सांगितली नव्हती त्यांनी या प्रकरणानंतर तोंड उघडलं. शाळाशाळांतून बोलायला जाऊ लागले. त्यांनी संस्था काढली, छोटं संग्रहालय केलं, आणि शाळांमध्ये ज्यूंच्या संहाराचा इतिहास शिकवणं सक्तीचं करणारं इलिनॉय हे अमेरिकेतलं पहिलं राज्य झालं. २००९ साली स्कोकीतच मोठं होलोकॉस्ट म्युझियम उभं राहिलं. शिकागोला आलात तर सीअर्स टॉवर, बीन वगैरे होऊन जाऊ द्या, पण एक दुपार याला ठेवा.

हे सगळं गोड झालं म्हणून मोर्च्याला परवानगी बरोबर होती, असं मी म्हणत नाहीये. दुसऱ्या एखाद्या गावात इतकं बरं घडलंही नसतं. आणि त्या म्हाताऱ्यांनी त्या दीड वर्षात ज्या रात्री जागून काढल्या त्याची किंमत कुणी चुकती केली नाही. अमेरिकेच्या पद्धतीला किंमत आहे, आणि ती बोलणारा भरत नाही, ऐकणारा भरतो. हे न सांगता जे लोक अमेरिकन स्वातंत्र्याचे गोडवे गातात त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

आता स्वस्तिकाचा विषय निघालाच आहे तर आपल्याला थेट लागणारी एक गोष्ट. इथे दिवाळीत दाराशी रांगोळी काढली, नवी गाडी घेतल्यावर तिच्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलं, तर शेजारच्या ज्यू आजीच्या पोटात खड्डा पडतो. तिची वेदना खोटी नाही. तुमचा हेतूही वाईट नाही. नुसती 'समोरच्याच्या भावना' हीच मोजपट्टी असेल तर तुमची आई गुन्हेगार ठरते! कॅलिफोर्नियाने २०२२ साली आपल्या कायद्यात दुरुस्ती करताना हे सरळ लिहून टाकलं: दहशत बसवायला दुसऱ्याच्या आवारात किंवा शाळेत लावलेलं नाझींचं 'हाकेनक्रॉइत्स' हा गुन्हा, हिंदू, बौद्ध, जैन यांचं स्वस्तिक हा नव्हे. म्हणजे मोजलं काय? समोरच्याला किती दुखलं ते नव्हे, कुणी कुणाला कशासाठी घाबरवलं ते. इंजिनियर माणूस असल्यामुळे मला हे लगेच पटतं. ज्या मापात तक्रारदार स्वतःच फूटपट्टी असतो त्या मापाने मी साधं कपाटसुद्धा बनवणार नाही.

इथपर्यंत ठीक, पण भारताचं काय? "तिकडे ठीक आहे हो, आपल्याकडे लोक लगेच पेटतात. दंगल झाली तर?" हा युक्तिवाद मी पुष्कळ ऐकलाय आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपला २९५-अ हा कायदा याच भीतीतून जन्मला. १९२४ च्या सुमारास लाहोरला पैगंबरांवर एक टवाळीखोर पुस्तिका निघाली. प्रकाशक राजपाल यांना लाहोर हायकोर्टाने १९२७ साली सोडलं, कारण तेव्हाच्या कायद्यात ते बसत नव्हतं. गदारोळ झाला, आणि इंग्रजांनी त्याच वर्षी नवं कलम घातलं: मुद्दाम आणि दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावणं हा गुन्हा. तेव्हाच्या कायदेमंडळात बॅरिस्टर जिनांनीही, इतिहास लिहिणारे आणि प्रामाणिकपणे धर्माची चिकित्सा करणारे यात सापडू नयेत, असं बजावलं होतं. दंगली थांबाव्यात म्हणून कायदा आला. एप्रिल १९२९ मध्ये त्याच राजपाल यांचा दुकानात भोसकून खून झाला. कायदा होताच की पुस्तकात! त्याच दंडसंहितेच्या रोपाला पाकिस्तानात १९८६ साली मृत्युदंडाचं कलम फुटलं, आणि त्यात बदल करा म्हणणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना जानेवारी २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. आपल्याकडे २९५-अ १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून नांदतंय. शब्द जवळजवळ तेच.

पुण्याचं उदाहरण तर घरचं. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकात जिजाऊंबद्दल एक उथळ, ऐकीव वाक्य होतं. मलाही ते वाचून राग आला. (पुराव्याचा पत्ता नाही आणि विनोद म्हणून छापायचं, याला संशोधन म्हणत नाहीत.) प्रकाशकाने २००३ च्या नोव्हेंबरमध्येच भारतात पुस्तक मागे घेतलं होतं. तरी ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला. कपाटं फोडली, पोथ्या फेकल्या. त्या पोथ्यांनी कुणाचं काय केलं होतं? हल्लेखोरांना अटक झाली हे खरं, पण त्याच आठवड्यात लेखक-प्रकाशकांवर गुन्हा दाखल झाला आणि पाठोपाठ पुस्तकावर बंदी आली. थोडक्यात, काचा फोडल्यावर सरकारने जमावाला हवं होतं ते दिलं. २००७ साली मुंबई हायकोर्टाने बंदी उठवली, २०१० साली सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. पण तोवर ज्याला जो धडा घ्यायचा तो त्याने घेतला होता. मला दुखलंय हे सिद्ध करायचा सोपा मार्ग म्हणजे दुसऱ्याचं काहीतरी फोडणं.

यापेक्षाही मला महत्त्वाचं वाटतं ते 'रिडल्स'चं प्रकरण. नव्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या समग्र लेखनाचा चौथा खंड महाराष्ट्र सरकारने १९८७ साली छापला. त्यात हिंदू धर्मातल्या कोड्यांवरचं लिखाण होतं, आणि परिशिष्टात राम आणि कृष्ण यांच्यावर कठोर प्रश्न. भावना दुखावल्याची हाकाटी झाली, मोर्चे निघाले, सरकार परिशिष्ट गाळायला तयार झालं. मग १९८८ च्या सुरुवातीला मुंबईत दलितांचा विराट मोर्चा निघाला. शेवटी तडजोड झाली ती अशी, की परिशिष्ट राहील, 'सरकार या मतांशी सहमत नाही' अशी टीप टाकू. म्हणजे राज्यघटना लिहिणाऱ्या माणसाचं लिखाण वाचलं ते कायद्याने नव्हे. त्यांच्या मागे लाखो माणसं रस्त्यावर उतरली म्हणून. ज्याच्यामागे लाखो माणसं नाहीत त्याचं काय? जोतिबांच्या काळी 'भावना' कलम असतं तर 'गुलामगिरी' किती दिवस टिकली असती याचा विचार करा. आपल्या महाराष्ट्रात ज्यांच्या तसबिरी सगळे पक्ष लावतात त्यातल्या बहुतेकांनी आपापल्या काळात लोकांना भयंकर दुखावलेलं आहे. दुखावल्याशिवाय ते काम होणारंच नव्हतं.

नोव्हेंबर २०१२ च्या पालघरबद्दल फार लिहीत नाही. बाळासाहेब ठाकरे गेले, बंद झाला, एका मुलीने फेसबुकवर बंद कशाला असं लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं. दोघींना अटक. लाइक केलं म्हणून! त्यातल्या एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड. पुढे खटला मागे घेतला, पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि त्या प्रकरणाने हललेल्या एका कायद्याच्या विद्यार्थिनीच्या याचिकेवर मार्च २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आयटी कायद्याचं ६६-अ कलम रद्द केलं. तरी २०२१ साली कोर्टाला कळलं, की ठाण्याठाण्यांत त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवणं चालूच आहे.

आता माझ्या मताला सगळ्यात जड जाणारा प्रश्न, आणि तो मी टाळणार नाही. ॲट्रॉसिटी कायदा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा चारचौघांत जातीवरून अपमान करणं हा १९८९ च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. तो शब्दांचाच गुन्हा आहे. मग तोही काढायचा का?

नाही. आणि यात मला विसंगती वाटत नाही. गावच्या पारावर एखाद्याला जातीच्या नावाने हाक मारून हिणवलं जातं तेव्हा तिथे कुठलंही मत मांडलं जात नसतं. त्या शब्दामागे पाणवठा असतो, मार असतो, गाव सोडून जावं लागलेले आजोबा असतात. समोर उभ्या असलेल्या एका माणसाला तो शब्द सांगतो, की आम्ही मनात आणलं तर तुझं काय करू शकतो ते तुला ठाऊक आहे. ही धमकीच झाली. अमेरिकेतही जळता क्रूस काळ्या माणसाच्या अंगणात उभा करणं याच कारणाने गुन्हा ठरू शकतो. क्रूस जाळणं ही क्लू क्लक्स क्लॅनची खूण. २००३ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की दहशत बसवायच्या हेतूने जाळला तर ते बोलण्याच्या स्वातंत्र्यात बसत नाही, मात्र तो हेतू सिद्ध करावा लागेल. आपल्या सुप्रीम कोर्टानेही २०२० मध्ये ॲट्रॉसिटी कायद्याबद्दल अशीच रेघ ओढली: अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला हवा, चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालेला नव्हे. काही मित्र म्हणतात, की वरच्या जातींच्या भावना आणि खालच्या जातींच्या भावना असा भेद कशाला, सगळ्यांना एकच न्याय लावा. मला वाटतं त्यांची गल्लत होतेय. हा कायदा भावनांचा नाहीच. तो ताकदीचा आहे. त्याला भावनांच्या कलमांच्या पंगतीला बसवलं, की मग बाबासाहेबांच्या पुस्तकाने माझ्या भावना दुखावल्या आणि पारावरच्या शिवीने त्याच्या दुखावल्या, फिट्टंफाट, असा हिशेब सुरू होतो.

म्हणून रेघ कुठे ओढायची ते माझ्यापुरतं स्पष्ट आहे. धमकी, गुन्हा. समोरच्या जमावाला आत्ता, इथे, अमक्याला मारा म्हणून चिथावणं, गुन्हा. एका माणसाचा माग काढून त्याचं जगणं नकोसं करणं, गुन्हा. देव, धर्म, महापुरुष, जात, देश, पुढारी यांच्याबद्दल काहीही वाईटसाईट बोलणं, मूर्खपणा असेल, नीचपणा असेल, पण गुन्हा नाही. त्याला उत्तर द्या, त्याच्याकडे चहाला जाऊ नका, त्याचं पुस्तक घेऊ नका, शंभर जण झेंडे घेऊन त्याच्यासमोर उभे राहा.

आणि अमेरिकेने हे सगळं पाठ करून ठेवलंय असंही समजू नका. मार्च २०२५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या एका तुर्की विद्यार्थिनीला रस्त्यावरून उचलून लुइझियानातल्या बंदिशाळेत पाठवलं. तिने केलं होतं काय, तर विद्यापीठाच्या वर्तमानपत्रात गाझाबद्दल एका लेखाचं सहलेखन. न्यायाधीशाच्या हुकमावरून मे महिन्यात सुटली. ही बातमी आली तेव्हा इथल्या आमच्या देशी मंडळींत एकदम शांतता होती. ज्यांची मुलं एफ-वन व्हिसावर आहेत त्यांनी मुलांना काय सांगितलं असेल? 'गप्प बस, काही लिहू नको.' तेच, जे पालघरच्या प्रकरणानंतर तिकडे कितीतरी आईबापांनी सांगितलं असणार.

भारतात काय करता येईल? २९९ कलम उद्या रद्द होईल असं समजण्याइतका मी भाबडा नाही. कुठल्याही पक्षाला ते नको आहे असं दिसत नाही. पण त्रास मुख्यतः कलमाच्या शब्दांचा नाहीच, त्याच्या कामाच्या पद्धतीचा आहे. 'मुद्दाम आणि दुष्ट हेतूने' ही अट कोर्टात पाच-सात वर्षांनी तपासली जाते. अटक पहिल्या दिवशी होते, कारण गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिक्षा खटल्यानंतर व्हायची, आपल्याकडे खटला हीच शिक्षा होते. इथे बदल करायला संसद लागत नाही. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात (जामनगरला एका कवितेवरून गुन्हा दाखल झाला होता) सुप्रीम कोर्टाने तो गुन्हा रद्द करताना सांगितलं, की तीन ते सात वर्षं शिक्षेच्या अशा बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत पोलिसांनी गुन्हा नोंदवण्याआधी नव्या फौजदारी संहितेप्रमाणे चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करणंच योग्य. आणि शब्दांचा परिणाम तपासायचा तो खंबीर, समंजस माणसाच्या नजरेतून. ज्याला प्रत्येक टीकेत धोका दिसतो अशा दुबळ्या मनाच्या माणसाच्या नजरेतून नव्हे. ही कसोटी काही परदेशातून आणलेली नाही. नागपूरला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ती १९४० च्या दशकातच एका निकालात लिहून ठेवली होती, आणि २००७ साली लेन यांच्या पुस्तकाच्या प्रकरणात प्रकाशकावरचा गुन्हा रद्द करतानाही सुप्रीम कोर्टाने तिचाच आधार घेतला.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी मला फोनवर तोच प्रश्न विचारला, तर मी उलट विचारणार आहे: तुमच्या गावच्या ठाणे अंमलदाराच्या टेबलावर हा निकाल पोचलाय का, एवढं बघून सांगाल का?